धार काढायच्या शिव्या

आमच्या नातवंडांच्या आजीसारखी तोंडाळ बाई पंचगंगेच्या अल्याड झाली नाही, आणि पल्याड झाली असेल तर ती हिच्या धाकानं गप बसली असेल. मी तिचा नवरा. तेव्हा वाढवून सांगतोय असं समजू नका, जरा हातचं राखूनच सांगतोय. वळीव यायचा झाला तरी आधी वारा सुटतो, धुरळा उडतो, माणसाला पत्र्यावर दगड ठेवायला तेवढी उसंत मिळते. हिच्या तोंडाला ती उसंतसुद्धा नव्हती. भाकरी थापता थापता हात तसाच चालू, आणि तोंडानं अंगणातल्या कोंबडीपासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यांची हजेरी. दिल्लीला ऐकू गेलं नसेल, पण गडमुडशिंगीच्या वाटेवर आमचं रान, तिथनं सायकलवरनं जाणारी माणसं आमच्या बांधापाशी आली की आपोआप पायडल जोरात मारायची.

हे नव्वद सालाच्या पुढचं सांगतोय. मे महिना लागला की थोरल्याची पोरं पुण्याहून यायची आणि लेकीची इचलकरंजीहून. एष्टीतनं उतरलेलं प्रत्येक पोर हिच्या मते उपाशी मरायला टेकलेलं असायचं. थोरल्याचा धाकटा तर इतका गुबगुबीत, की एष्टीच्या दारातनं त्याला आडवा काढावा लागे. त्याच्याकडं बघूनसुद्धा ही कपाळाला हात लावायची, "काय खाया घालताय रं लेकराला? नुसती हाडं ऱ्हायल्यात की!" हाडं शोधायला वैद्य आणावा लागला असता. मग पहाटे पहाटे सगळ्यांना गोठ्यापुढं रांगेनं उभं करायची. कासेखालचं कोमट दूध फेसासकट एकेकाच्या ओठाला लावायची. सूनबाई शिकलेली. ती एकदा म्हणाली, "आत्या, दूध उकळून द्यावं. त्यात जंतू असतात." ही म्हणाली, "असत्यात तर असू देत की. दूध पिऊनशान ते बी जरा धष्टपुष्ट व्हतील." त्या दिवसापासून सूनबाईनं जंतूंचा विषय काढला नाही. पोरं मात्र रोज मिशा फुटल्यागत पांढऱ्या ओठांनी हिंडायची आणि महिन्यानं पुण्याला जायची तेव्हा चड्डीची बटणं लागायची नाहीत. थोरला दर जूनला नव्या चड्ड्यांच्या नावानं बोंबलायचा.

पाव्हण्याला उपाशी सोडायचं नाही आणि शिव्या दिल्याबिगर जेवू घालायचं नाही, हा हिचा दुसरा नेम. एकदा भर उन्हात कुणी बॅगवाला माणूस वाट विचारत आला. विमा विकतो का खत विकतो ते त्यालाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "ह्या उन्हाचं हिंडतोय, डोस्कं हाय का खोकं?" असं म्हणून हिनं त्याला सोप्यात बसवलं, दोन भाकरी, झुणका आणि खरडा पुढं ठेवला. खरड्यानं त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, तर ही गलबलून म्हणाली, "आईची आठवण आली व्हय रं?" मग वाट सांगितली. हिला वाटा माहीत नव्हत्या, पण माहीत नाही असं म्हणायचीही सवय नव्हती. तो दोन तास उसातनं फिरून परत आमच्याच दारात उगवला. हिनं त्याला ओळखलं नाही. "ह्या उन्हाचं हिंडतोय, डोस्कं हाय का खोकं?" म्हणत परत ताट वाढलं. दुसऱ्या खेपेला मीच त्याला हाताला धरून सडकेवर नेऊन सोडला, नाहीतर तो आजतागायत आमच्यात जेवत असता.

निवडणुकीला एक उमेदवार आलता. खादी इतकी कडक, की वाकला तर मोडंल असं वाटायचं. मागं वीसेक पोरं, गळ्यात हार. तो हिच्या पाया पडायला वाकला, आणि ही तेव्हा बांधावर ओल्या वैरणीचा भारा बांधून डोक्यावर कोण चढवतंय म्हणून वाट बघत उभी. "पाया कशाला पडालायस? आलायस तर भारा उचलू लाग," म्हणाली. वीस पोरं बघायला लागली. उमेदवाराला माघार घेता येईना. त्यानं भारा उचलला, चिखलपाणी सगळं त्याच्या छातीवर निथळलं, आणि त्याच अवतारात बिचारा पुढच्या आठ घरांत हात जोडत गेला. लोकांना वाटलं, काय हो साधा माणूस, रानातनं थेट आलाय. निवडून आला. परत काही आमच्या बांधाला फिरकला नाही. पुढच्या निवडणुकीला ही वैरण कापायला गेली की सडकेकडं बघत बसायची. "पाच वर्सानं तरी यावं की मेल्यानं, भारा जड झालाय."

आता म्हशीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. आमच्या घरात मान फक्त तिला होता. मला ही "ऐकलंसा का" म्हणायची, तेही काम असलं तर. पण म्हशीला "बाई". "उठा बाई, पाणी पिऊन घ्या बाई, पाय जरा सरकवा बाई." म्हैस कपाळावर पांढरा चांद असलेली, दिसायला देखणी आणि स्वभावानं जहांबाज, म्हणजे मालकिणीसारखीच. तिचं रेडकू लहानपणीच मेलं, तेव्हापासनं ती फक्त हिच्या हाताला पान्हा सोडायची. दुसऱ्यानं कासेला हात लावला की लाथ. माझ्या डाव्या गुडघ्याला पाऊस यायच्या आधी जी कळ येते ती वाताची नव्हे, म्हशीची आहे. गावच्या दूध संस्थेत हिचं दूध पहिल्या नंबरचं. तिथलं मशीन कधी फॅट कमी दाखवायचं, तेव्हा ही मशीनला म्हणायची, "तुझ्या बानं बघितलं हुतं का असलं दूध?" आणि मशीनवरचं पोरगं मुकाट्यानं परत मोजायचं.

एका मे महिन्यात ही उसाच्या पाटात घसरली. खुब्याचं हाड गेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून कोल्हापूरला नेली, तर वाटंत ओरडणं दुखण्याचं कमी आणि डायवरला जास्त. "खड्डा चुकवतोस का हुडकून काढतोस रं?" दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, गोड बोलायचा. म्हणाला, "आजी, ऑपरेशन करून सळी घालावी लागेल. नाही केलं तर परत चालता येणार नाही. उशीर करायचा नाही." ही म्हणाली, "घाला की सळी. पण सांजच्याला मला घरला सोडा. धार काढून परत येतो."

डॉक्टर हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते. आम्ही हसलो नाही. आम्हाला माहीत होतं.

घरी तोवर म्हशीनं रणकंदन मांडलेलं. सांजची धार पोरांना सोडायला आलेल्या थोरल्यानं काढायचा घाट घातला. तो पुण्यात मोठ्या कारखान्यात सुपरवायझर, हाताखाली चाळीस माणसं. म्हशीनं त्याला एका लाथेत शेणाच्या ढिगावर बसवला. शेजारची हौसाक्का आली, तिच्या तर अंगावरच धावली. जनावरांच्या डॉक्टरचं पान्ह्याचं इंजेक्शन हिनं पहिल्यापासनं वर्ज्य केलेलं. "माज्या म्हशीला सुई टोचली तर त्याच सुईनं टोचणाऱ्याचं तोंड शिवीन," असं सगळ्या गावाला बजावलेलं. सकाळपर्यंत म्हशीची कास तटतटून दगडासारखी झाली. आणखी एक-दोन धारा चुकल्या असत्या तर कास सुजून सड गेले असते, म्हैस कायमची बाद. आणि दूध न देणारी म्हैस कुठं जाते, हे शेतकऱ्याला सांगायला लागत नाही.

हे हिला कुणी सांगितलं नव्हतं. पण भेटायला आलेल्या एका पाव्हण्याच्या तोंडाकडं बघून हिनं ओळखलं. ताडकन उठायला लागली, हातातली सलाईनची सुई उपसून टाकली. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा मागायला आलेल्या नर्सला म्हणाली, "माज्या बाईचं दूध हितं पेल्यात दावा. मग अंगठा काय, दाही बोटं देतो." डॉक्टर बाहेर मला म्हणाला, "आजोबा, समजवा त्यांना. उद्यापर्यंत झालंच पाहिजे." समजवा! पस्तीस वर्षांत ह्या बाईला कुणी काही समजावलं असतं, तर मी त्याचे पाय धरून शिष्य झालो असतो.

थोरल्यानं शक्कल काढली. हौसाक्काच्या म्हशीचं दूध चरवीत भरून आणलं आणि छाती पुढं काढून म्हणाला, "हे घे आई, आपल्याच म्हशीचं." हिनं वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं, आणि पोराकडं अशी बघितली की सुपरवायझर लहान होत होत चौथीतला झाला. "हौसाच्या म्हशीचं हाय. पेंड बुरसटलेली घालतीया ती. आणि हौसाला सांग, पाणी घातलंय ते बी कळलं." चरवी भिंतीवर. शेजारच्या खाटेवरची म्हातारी, जिला दोन दिवस शुद्ध नव्हती, ती उठून बसली.

मी गावाकडं परतलो. दारात हौसाक्का. दुधाचं तिला कळलेलं होतंच, म्हणून जरा फुगूनच म्हणाली, "भाऊजी, आता एकच ऱ्हायलंय. तिचं लुगडं नेसा आणि बसा खाली. आमच्या सासऱ्यानं बी नेसलं हुतं." आमच्याकडं हा उपाय जुना. मालकीण आजारी पडली, बाळंत झाली, तर गडी तिचं लुगडं नेसून धारेला बसतो, म्हशीला वासानं आणि पदरानं मालकीणच वाटते. बाकीच्यांचं ऐकून मीही कैकदा पोट धरून हसलो होतो. आता माझ्यावर पाळी. नऊवारी नेसवायला कुणी तयार नाही, हौसाक्का तर "लाज वाटत्या बाई" म्हणत पदर तोंडात कोंबून हसायला लागलेली. शेवटी थोरल्याची पोरगी चिमी, आठेक वर्षांची, तिनं आणि मी मिळून ते गुंडाळलं. काष्टा पुढं आला का मागं ते देवाला ठाऊक. भरघोस मिशा, डोक्यावर पदर, आणि बांगड्या हातात जाईनात म्हणून चिमी मागं उभी राहून त्या खुळखुळवत होती. कुंपणापलीकडं निम्मी आळी गोळा. कुणीतरी ओरडलं, "आक्का, उखाणा घ्या की!"

म्हशीनं लुगडं हुंगलं. कान पाडले. अंगातला ताठा जरा सैल झाला. मी बसलो, कासेला पाणी मारलं आणि म्हणालो, "हं बाई." माझा आवाज ऐकून तिनं मान वळवली आणि नवी सून चोरून विडी ओढणाऱ्या सासऱ्याकडं बघते तशी बघितली. एक थेंब नाही.

चिमी म्हणाली, "आजोबा, असं नाही. आजी गप्प नसते. आजी तुम्हाला शिव्या देते."

"मला?"

"मग? रोज. सगळ्या तुमच्याच असतात. मला पाठ आहेत."

मी धारेच्या वेळंला एक तर रानात, नाही तर चहाच्या गाड्यावर. मला काय ठाऊक, माझ्या पाठीमागं रोज दोन वेळा माझी पूजा बांधली जाते म्हणून! कुंपणापलीकडं माणसं वाढत होती. पण कोल्हापुरात खाटेवर ही अंगठा मुठीत धरून पडलेली. मी म्हणालो, "सांग पोरी." आणि ती सांगत गेली, मी मोठ्यानं म्हणत गेलो.

"बाई, आमचं ध्यान बघितलंसा का? मिरच्या आणाय बाजारात धाडलं, तर बॅटरीचे सेल घिऊन आलं. ती बॅटरी बी आमची न्हवं, लोकांची." म्हशीनं डोळे मिटले. "लग्नात ह्याच्या बानं चार बैलं दावली बाई. दोन चुलत्याची निघाली, एक मेलं, आणि एक हे." कुंपणावर कुणीतरी कोलमडलं. चरवीत पहिली धार वाजली. "अंबाबाईला न्हेतो म्हणालं, नवी साडी नेसून बसलो, तर ध्यान मला देवळात बसवून कुस्त्या बघाय गेलं. सांज झाली तरी पत्त्या न्हाई. आरतीचा परसाद चारदा खाल्ला बाई मी." धार जोरात. "माह्यारला न्हेतो म्हणून तीस वर्सं मला नुसती एष्टी दावतंय." चरवी भरत आली. फेस वर. खरं सांगतो, काही काही गोष्टी साफ खोट्या होत्या. कुस्त्या त्या दिवशी लवकर संपल्या होत्या. पण म्हशीपुढं वकिली कुठं करता? मी आपला माझ्याच नावानं तोंड सोडून बसलो होतो आणि जितकी शिवी मोठी तितकी धार मोठी.

मग दूध थांबलं. शेवटचं, घट्ट, सायीचं दूध आत राहतं, तेच सड सुजवतं. मी ओढतोय, ती सोडेना. मी चिमीकडं बघितलं. ती म्हणाली, "आता शेवटचं. ते आजी हळू म्हणते. म्हशीच्या पोटाला डोकं टेकून."

"काय म्हणती?"

"‘आटपा बाई. आमचं ध्यान भुकेलं असंल.’"

कुंपणापलीकडं ऐकू गेलं नसावं. मी म्हशीच्या पोटाला डोकं टेकलं आणि तेवढं म्हणालो. म्हशीनं एक लांब श्वास सोडला आणि राहिलेलं सगळं दूध दिलं.

दिवस मावळायच्या आत पेला हिच्या ओठाला. हिनं घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि माझ्याकडं संशयानं बघितलं. "कुणी काढलं?" मी म्हणालो, "आलं एकदाचं. तुला काय करायचंय?" हिनं अंगठा दिला. सळी बसली. वीस-बावीस दिवस ही खाटेवर आणि मी लुगड्यात. गावानं मला वर्षभर ‘आक्का’ म्हणून हाक मारली. संस्थेतलं पोरगं दूध घेताना "या आक्का" म्हणायचं, पण फॅट मात्र पहिल्याइतकंच लागायचं.

काठी टेकत ही घरी आली ती पहिली गोठ्यात. मी कडब्याच्या गंजीआड उभा राहिलो. म्हटलं, एवढं केलं, आता तरी म्हशीजवळ चांगला शब्द निघंल. धार सुरू झाली. "बाई, आमच्या ध्यानानं माजं लुगडं नेसलं म्हनं. तीन ठिकाणी फाडलं. आणि नेसलं तर नेसलं, काष्टा पुढं घातला बाई! तुमास्नी लाज वाटली आसंल. तुमच्या जागी मी असतो तर मी बी लाथ मारली असती." मी गंजीआडून तसाच मागं सरलो.

पुढं ही पाच-सहा वर्षं चांगली चालली, बोलली, भांडली. एका सकाळी चुलीवर आधण ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच. आधण उकळून उकळून आटलं. बाहेर लोक जमले तेव्हा सगळी हळू बोलत होती. ह्या घरात हळू बोलणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली.

म्हैस मी ठेवली. थोरला म्हणाला, "दादा, कशाला जीव काढताय, विका." मी रोज लुगडं नेसायचो. आता कुणी हसायचं नाही, त्याचंच वाईट वाटायचं. लुगडं मी धुतलं नाही, तरी त्यातला वास दिवसादिवसानं जात गेला. म्हशीला ते माझ्याआधी कळलं. ती हुंगायची आणि तोंड फिरवायची. मग नुसत्या शिव्यांवर चाललं. शेवटी माझ्याच बोटांतला जोर गेला, सड पिळेनात, आणि मी थोरल्याला म्हणालो, बघ गिऱ्हाईक.

गडहिंग्लजकडचा एक शेतकरी आला. सोबत बायको, बोलकी, ठसठशीत कुंकू लावलेली. म्हशीचे दात बघितले, कास बघितली. मग रीतीप्रमाणं त्यानं विचारलं, "पावणं, खोड काय हाय जनावराला? खरं सांगायचं."

मी म्हणालो, "खोड एकच. धार काढताना मला शिव्या द्याव्या लागत्यात."

त्याची बायको पदराआड हसली. मी सगळं सांगितलं, मिरच्यांपासनं एष्टीपर्यंत, आणि तिच्याकडनं दोनदा म्हणवून घेतलं. तिला कुस्त्यांचं फार आवडलं. तो माणूस जरा अस्वस्थ झाला. म्हणाला, "म्हंजे रोज सकाळ-सांज ही ‘आमचं ध्यान’ म्हणणार, आणि भावकीला वाटणार मलाच म्हणत्या!"

"तर मग माझं नाव घेऊन द्या म्हणावं," मी म्हणालो. आणि त्या बाईला माझं नाव सांगितलं. आमच्या हिनं रीतीपायी जन्मात कधी ते तोंडातनं काढलं नव्हतं.

टेम्पो गेला त्याला बरेच दिवस झाले. त्या बाईला मी परत बघितली नाही. पण कुठं तरी गडहिंग्लजच्या पुढं, कुण्या गोठ्यात, चरवी मांडीत धरून एक बाई माझ्या नावानं बोटं मोडत असेल आणि म्हैस डोळे मिटून ऐकत असेल.

शेवटचं, हळू म्हणायचं, ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. म्हणजे त्यांना रोज थोडं दूध कमी मिळत असणार. त्या बाईनं तिच्या ध्यानासाठी तिचं तिनं काय ते शोधावं. हे माझं आहे.